दोन बोटांची खाच

आमच्या रोपवाटिकेत त्यांना सगळे आक्का म्हणत. मीही आक्काच म्हणायचो, पण एकेरीत. मी अधीक्षक, त्या रोजंदारीवरच्या, शिवाय मी वयाने आठ वर्षांनी मोठा. आता लिहायला बसलो तर एकेरी लिहायला हात तयार होत नाही. तेव्हा इथे त्या 'त्या'च राहतील.

आक्का त्या रोपवाटिकेत बावीस वर्षं होत्या. सकाळी साडेसातला फाटक उघडायच्या आधीच त्या बाहेर उभ्या असत, हातात जेवणाचा डबा आणि डोक्याला घट्ट बांधलेलं फडकं. काळ्या पिशव्या भरायचं त्यांचं काम बघत राहावं असं होतं. दोन ओंजळी माती, एक ओंजळ वाळू, बोटाने खड्डा, बी, वर चिमूटभर माती. बोलता बोलता तासाला दीडशे पिशव्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुठल्या वाफ्यात काय पेरलंय, कधी पेरलं, त्यातलं किती मेलं, हे सगळं तोंडपाठ. माझ्या आधीच्या अधीक्षकांनी अकरा वर्षं नुसती आक्कांच्या भरवशावर काढली, असं टँकरवाला सांगायचा. हा आमच्या पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर. काम बेताचं आणि जीभ लांब.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. नोकरीची एकतीस वर्षं खात्याच्या भांडारात गेली. झाडांशी माझा संबंध खिडकीतल्या एका कुंडीपुरता, आणि तिलाही पाणी बायकोच घालायची. निवृत्तीला चार वर्षं उरली असताना माझी बदली रोपवाटिकेत झाली. आल्या आल्या मी वाफ्यांना क्रमांकाच्या पाट्या लावल्या. अवजारांसाठी भिंतीवर खिळे ठोकले आणि प्रत्येक अवजाराचा आकार मागे रंगाने काढून घेतला, म्हणजे कोणतं जागेवर नाही ते लांबूनही कळावं. बायका मला पाठीमागे फूटपट्टी साहेब म्हणायच्या. ते माझ्या कानावर आलं होतं आणि खोटं कशाला बोलू, मला आवडलंही होतं.

मी वाफ्यांकडे फेरी मारायला गेलो की आक्का एक बादली उपडी टाकायच्या, डोक्याचं फडकं सोडून ती पुसायच्या आणि म्हणायच्या, "बसा साहेब." मग त्यांचं काम चालू आणि माझ्या चौकशा चालू.

त्या वर्षी आमच्याकडे एक मोठं काम आलं. शहराला पाणी उपसून देणाऱ्या केंद्राकडे जाणारा रस्ता अर्धा किलोमीटरभर नदीला अगदी चिकटून जातो. मोठा पूर आला की नदी काठाचा एक घास घेऊन जायची. दगडी बांध घालून झाले, तेही ढासळले. शेवटी मुख्य कार्यालयाने ठरवलं की काठावर झुडपं लावायची, मुळांनी माती धरून ठेवतील अशी. सहा हजार रोपं आम्ही द्यायची. फायलीत त्या झुडपाचं नाव होतं 'नदीकाठचे झुडूप, क्रमांक चार'. आक्का त्याला नावबांधी म्हणत. त्यांचे वडील नावाडी होते, जुन्या धक्क्यावरून लोकांना पलीकडे नेत. पाणी चढलं की नाव या झुडपाला बांधायची. दोर तुटल्याचं आक्कांनी लहानपणी दोनदा पाहिलं होतं, झुडूप उपटलेलं एकदाही नाही.

बी त्यांनीच गोळा करून आणलं. थोडं पात्रातल्या खडकांमधलं, पण तिथे मिळेना म्हणून बरंचसं वरच्या काठावरचं. पहिले चार-पाच महिने सगळी रोपं सारखी दिसत होती. मग त्यांच्यात फरक पडू लागला. काहींची पानं रुंद, मऊ, चकचकीत, आणि रोप गुडघ्यापर्यंत वाढलेलं. काहींची पानं करंगळीएवढी अरुंद, जाड, चामड्यासारखी, आणि रोप त्याच्या निम्मंही नाही. एका वाफ्यात शेजारी शेजारी दोन्ही तऱ्हा. बघून मला अस्वस्थ व्हायला लागलं.

कुठल्याही मालाची प्रतवारी करायची, हे मी आयुष्यभर शिकलो आणि शिकवलं. पत्र्याच्या कारागिराकडून मी वीतभर लांबीची एक पट्टी करून घेतली आणि तिला दोन बोटं रुंदीची खाच पाडून घेतली. रोपाचं मधलं पान खाचेत आडवं धरायचं. अडकलं तर रोप पास, सुळकन खाली उतरलं तर नापास. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही करता येईल इतकं सोपं. मी त्या पट्टीवर इतका खूश होतो की तिच्यासाठीही भिंतीवर खिळा ठोकला आणि मागे आकार रंगवला.

आक्कांनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाल्या की साहेब, हे उलटं होतंय, नदीची जात बारीक पानाची असते, रुंद पानाची वरच्या बांधाची, दोघी बहिणी असल्या तरी एकीला पोहता येतं आणि एकीला नाही. मी म्हटलं, बारीक पानाची रोपं खुरटलेली आहेत, दिसत नाही का? त्या म्हणाल्या, "इथे हौदाचं पाणी आणि जाळीची सावली. आयतं मिळालं की रुंद पान फोफावतं. दाखवते, या."

हौदाला खाली एक मोठा नळ होता. त्यांनी दोन्ही तऱ्हेची एकेक फांदी घेतली, नळ पूर्ण सोडला आणि फांद्या धारेत धरल्या. रुंद पानांची फांदी लगेच थरथरायला लागली. पानं पाणी भरून फुगली, उलटी झाली, दोन देठापासून फाटली, आणि फांदी आक्कांच्या मुठीतून ओढली जाऊ लागली. अरुंद पानांनी तसं काहीच केलं नाही. ती फांदीला चिकटली, एकावर एक बसली आणि सगळी फांदी वेणीसारखी पाण्याच्या दिशेने आडवी झाली.

"रुंद पानात पाणी भरतं," आक्का म्हणाल्या. "मग नदी झुडपाला पानांनीच धरून ओढते. बारीक पान अंग चोरतं."

मी ते पाहिलं. फाटलेलं पान त्यांनी माझ्या हातात दिलं तेही मला आठवतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मी काहीच न पाहिल्यासारखा वागलो. मी म्हणालो, "आक्का, नळातून नदी येत नाही. पहिल्या प्रतीचीच रोपं जातील. तू पट्टी लाव."

त्यांनी पट्टी लावली. एकवीसशे रोपं नापास झाली. तूट भरून काढायला मी वरच्या काठाचं आणखी बी पेरून घेतलं आणि सहा हजार रुंद पानांची, देखणी, एका उंचीची रोपं रस्त्याच्या काठावर रवाना केली. रांगा बघून मुख्य कार्यालयातल्या साहेबांनी फोटो काढून नेले.

नापास रोपांचा नियम असा, की ती खड्ड्यात पुरून नष्ट करायची आणि तशी नोंद करून अधीक्षकाने सही करायची. सही मी आधीच करून टाकली, कारण रजिस्टरचं पान त्या शुक्रवारी पूर्ण व्हायला हवं होतं. आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. जिवंत रोपं पुरायला त्यांचा हात होत नव्हता. मला घाई होती. मी मान वर न करता सांगितलं, घेऊन जा, कुठेही लाव, सोमवारी इथे एकही दिसता कामा नये.

टँकरवाल्याने तीन खेपा करून ती जुन्या धक्क्यावर पोचवली. तिथेच वरच्या अंगाला आक्कांचं घर. सुट्टीच्या दोन दिवसांत त्यांनी आणि रोपवाटिकेतल्या चार-पाच बायकांनी पहारीने खडकांच्या फटी मोकळ्या करून एकवीसशे रोपं लावली. सोमवारी खड्डा रिकामा आणि वाफे स्वच्छ. रजिस्टरमध्ये लिहिलं होतं: नष्ट.

याच काळात माझ्या टेबलावर आक्कांची फाईल होती. रोजंदारीवरच्या माणसाला पन्नाशीच्या आत कायम करता येतं, नंतर नाही. आक्कांना एकोणपन्नासावं चालू होतं. त्यांचा नवरा दगडाच्या खाणीत काम करून करून छातीने खचलेला, चार पावलं चालला तरी बसायचा. कायम झालेल्या माणसाच्या घरच्यांना खात्याचा दवाखाना मिळतो, एवढ्यासाठी आक्कांना कायम व्हायचं होतं. मी शिफारस लिहिली होती, मनापासून लिहिली होती. दर सोमवारी त्या विचारायच्या, "साहेब, माझा कागद किती वाढला? पानं फुटली का?" मी म्हणायचो, फुटतायत.

पुढच्या पावसाळ्यात पूर आला. तीन दिवस पाणी रस्त्यावर होतं, चौथ्या दिवशी उतरलं. मुख्य कार्यालयातून इंजिनिअर साहेब आले, त्यांच्याबरोबर मी गेलो. काठ बोडका झाला होता. जी थोडी झुडपं उरली होती त्यांच्या पानापानांत गाळ, काटक्या, चिंध्या, प्लास्टिक अडकलं होतं, प्रत्येक झुडूप म्हणजे एक भरलेली टोपली. बाकीची नदीने मुळासकट ओढून नेली होती, आणि मुळांबरोबर मातीही. रस्त्याचा चाळीस मीटरचा तुकडा राहिला नव्हता.

तिथून खाली जुन्या धक्क्याजवळ आलो तर झुडपं होती. सगळी एका दिशेला आडवी पडलेली, गाळाने माखलेली, कुणीतरी कंगवा फिरवावा तशी. हात लावला की सुटून वर यायची. इंजिनिअर साहेबांनी दोनचार फांद्या उचलून पाहिल्या आणि विचारलं, ही कुणी लावली? बघायला जमलेल्यांपैकी कुणीतरी कौतुकाने आक्कांचं नाव सांगितलं.

चौकशी रोपवाटिकेतच झाली, हौदाशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये. एक टेबल, तीन खुर्च्या, बाकीचे उभे. इंजिनिअर साहेबांच्या डोक्यात एक हिशेब पक्का झाला होता आणि तो वरवर पाहता बरोबर दिसत होता. एकाच जातीची रोपं, एकाच रोपवाटिकेतली. रस्त्यावरची वाहून गेली, आक्कांच्या घरापुढची टिकली. म्हणजे चांगली रोपं कुणीतरी घरी नेली आणि कमकुवत सरकारी कामाला दिली.

आक्का अजिबात घाबरल्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं की ती नापास रोपं होती, साहेबांनीच दिली. एवढं बोलून त्या माझ्याकडे बघून थोडं हसल्यासुद्धा, आता साहेब सांगतील म्हणून.

इंजिनिअर साहेब माझ्याकडे वळले. माझी पावणेदोन वर्षं उरली होती. रोपं मी दिली म्हटलं की 'नष्ट' खालची माझी सही खोटी ठरणार, मग पट्टी निघणार, मग नळ निघणार. तेहतीस वर्षांत माझ्या नावावर एक ठिपका नव्हता. हे सगळं डोक्यातून जायला एक श्वास पुरला. मी म्हणालो, "रजिस्टरमध्ये ती रोपं नष्ट केल्याची नोंद आहे."

त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

त्यांनी विचारलं, तोंडी परवानगी दिली होती का? मी म्हणालो, "लेखी काही नाही."

टँकरवाला दाराशी उभा राहून खोकला. त्याच्याही तीन खेपा कुठे लिहिलेल्या नव्हत्या, तो खोकून थांबला. बायका जमिनीकडे बघत राहिल्या. आक्का माझ्याकडे बघत होत्या. हसू कधी गेलं ते मला दिसलं नाही, कारण मी टेबलावरच्या पेनाचं टोपण लावत होतो.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "मला लिहिता कुठे येतं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांना कामावर घेऊ नये असा आदेश आला. कायम करण्याच्या फायलीवर 'प्रकरण निकाली' असा शेरा मारायचा होता. तो मीच मारला. अक्षर चांगलं आलं होतं.

घरी मी काही सांगितलं नाही. महिन्याभराने बायकोने विचारलं की अलीकडे जेवताना भिंतीकडे का बघता, तेव्हा सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. तिच्या हातात वाळलेल्या कपड्यांची टोपली होती. ती म्हणाली, "तुमचे मोजेसुद्धा कधी एकटे सापडत नाहीत. आणि या बाईला तुम्ही एकटं सोडलंत." मग ती कपड्यांच्या घड्या करत बसली. हा विषय तिने परत काढला नाही, आणि तेच मला जड गेलं.

आठ महिन्यांनी मुख्य कार्यालयाचं एक पत्र आलं. वनस्पतींच्या जाणकारांनी दोन्ही ठिकाणची झुडपं तपासली होती. चार ओळींत निष्कर्ष होता. धक्क्यावरची जात वारंवार पूर येणाऱ्या पात्रात वाढणारी आहे. तिची पानं अरुंद आणि चिवट असल्याने प्रवाहाला अडथळा कमी होतो, फांद्या लवचिक आहेत. रुंद पानांची जात वरच्या काठाची आहे, ती प्रवाहात टिकणार नाही. यापुढे फक्त अरुंद पानांच्या झुडपांच्या फांद्या लावाव्यात, आणि त्या जुन्या धक्क्यावरून आणाव्यात. नळाखाली पाच मिनिटांत मला दाखवलेली गोष्ट खात्याला आठ महिन्यांनी कळली होती. मला तर त्याच्याही आधीपासून कळलेली होती.

मी धक्क्यावर गेलो. आक्का आता एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला जात होत्या, दुपारच्या घरी असत. ओट्यावर नवरा उशांना टेकून बसला होता, त्याचा श्वास मला रस्त्यावरून ऐकू आला. मी पत्राचं सांगितलं.

"न्या की फांद्या," आक्का म्हणाल्या. "फक्त जपून न्या. चोरीचा माल आहे तो."

मी म्हणालो की मी मुख्य कार्यालयाला खरं काय ते लिहिणार आहे. त्यांनी हातातला विळा खाली ठेवला नाही. म्हणाल्या, "लिहा. तुमचं लिहिलेलंच चालतं."

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या वेळेत, दार उघडं ठेवून मी खुलासा लिहिला. तीन महिन्यांनी उत्तर आलं. माझ्या सेवापुस्तकात नाराजीची नोंद झाली. आक्कांवरचा ठपका रद्द झाला, त्यांना पुन्हा रोजंदारीवर घ्यायला हरकत नाही असं कळवलं होतं. कायम करण्याबाबत मात्र वयोमर्यादा उलटून गेल्याने विचार करता येत नाही. आक्कांना पन्नास पूर्ण होऊन चार महिने झाले होते. चौकशीच्या दिवशी मी तोंड उघडलं असतं तर हातात सात महिने होते. हा हिशेब मी अनेकदा केला. तो दर वेळी बरोबर येतो.

उत्तर घेऊन मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो. कायम करण्याचं आधी सांगितलं, मग बाकीचं. त्या बराच वेळ नवऱ्याच्या उशा सारख्या करत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही काय लिहिलंत तो कागद मला वाचून दाखवा. इथे नको. जिथे झालं तिथे."

सोमवारी आठ वाजता हौदाशेजारी सगळे जमले. आक्का डोक्याला फडकं बांधून आल्या होत्या. मी कागद उघडला आणि वाचू लागलो. "उपरोक्त विषयास अनुसरून नमूद करण्यात येते की, सदर रोपे प्रत्यक्षात नष्ट न करता अधोस्वाक्षरीकार यांच्या तोंडी सूचनेनुसार संबंधित महिला कामगार यांच्या ताब्यात..."

"हा अधोस्वाक्षरीकार कोण?" टँकरवाल्याने विचारलं. "आपल्याकडे कधी आलेला दिसला नाही."

बायका हसल्या. आक्का हसल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, घरी बायकोला सांगाल तसं सांगा."

मी कागदाची घडी घातली. ती नीट जमेना.

"रोपं मी दिली होती," मी म्हणालो. "तुम्ही चोरली नाहीत. पुरल्याची खोटी सही माझी होती. त्या दिवशी मला विचारलं तेव्हा मी घाबरलो आणि तुम्हाला अडकू दिलं. आणि नळाखाली तुम्ही दाखवलंत ते मी पाहिलं होतं."

टँकरवाला हौदाच्या नळाकडे बघत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो हसला असता तर मला बरं वाटलं असतं.

"ऐकलं ना सगळ्यांनी?" आक्का म्हणाल्या. मग बायकांकडे वळून, "चला, फांद्या सुकतायत."

धक्क्यावरून आणलेल्या फांद्यांचे भारे शेडमध्ये पडले होते. त्यांत वरच्या काठाच्याही काही मिसळल्या होत्या. आक्का शेडच्या भिंतीशी गेल्या आणि खिळ्यावरची पत्र्याची पट्टी काढून घेतली. एकेक पान खाचेत धरू लागल्या. अडकलं की फांदी बाहेर, सुळकन उतरलं की वाफ्याकडे. शेजारच्या बाईला म्हणाल्या, "पट्टी चांगली आहे तशी."

मी तिथेच उभा होतो. बादली दोन हातांवर उपडी पडली होती.

याला आता नऊ महिने झाले. रस्त्याचा काठ नव्या झुडपांनी भरलाय, पाणी दोनदा वरून जाऊन आलं, झुडपं आडवी झाली आणि उठली. आक्का अजून रोजंदारीवर आहेत. मला निवृत्त व्हायला एकवीस दिवस उरलेत. रोज सकाळी मी वाफ्यांकडे फेरी मारतो. आक्का मला साहेब म्हणतात, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नीट देतात, काम न थांबवता. बसा म्हणत नाहीत. मी उभ्यानेच चौकशा करतो आणि परत येतो.